गोखरू नक्की कुठला?

डेटाबेसच्या पहिल्याच लेक्चरला एक गोष्ट डोक्यात भरवली जाते: नावाला कधी प्रायमरी की करू नका. एका कंपनीत चार अमोल असतात, त्यातल्या एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात गेला की मग पळापळ. नाव हाक मारायला, नंबर ओळख पटवायला.

गावाकडच्या झाडपाल्याला मात्र नंबर नसतात. तिथे सगळा कारभार नावावरच चालतो. आणि नावांचा घोळ किती असू शकतो त्याचं एकच उदाहरण देतो. गोखरू.

गोखरू नंबर एक म्हणजे आयुर्वेदातला गोक्षुर, दशमुळातल्या दहांपैकी एक. जमिनीला चिकटून पसरणारा वेलासारखा पाला, छोटी पिवळी फुलं आणि काटेरी फळ. बीडकडे ह्याला आम्ही सराटा म्हणतो. ज्यानं माळावर सायकल चालवली आहे किंवा चप्पल न घालता क्रिकेट खेळलं आहे त्याला सराट्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

गोखरू नंबर दोन म्हणजे ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, उकिरड्यावर कमरेएवढं वाढणारं तण. रुंद खरखरीत पानं आणि आकड्यांनी भरलेली लांबट बोंडं, जी धोतराला, शेळीच्या केसांना आणि आपल्या सॉक्सना चिकटतात. काही ठिकाणी ह्याला लांडगा म्हणतात. पण महाराष्ट्रात बऱ्याच भागांत, आमच्या गावातसुद्धा, गोखरू म्हटलं की हेच.

गोखरू नंबर तीन म्हणजे मोठं गोखरू. हे तिळाच्या कुळातलं, आणि जडीबुटीच्या दुकानात मिळतं.

एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. तिघांची कुळं वेगळी, गुणधर्म वेगळे. आणि नंबर दोन विषारी आहे. त्याच्या बियांत आणि नुकत्याच उगवलेल्या रोपांत असं विष असतं जे थेट यकृतावर जातं. गुरं ही रोपं खाऊन मरतात हे पशुवैद्यांना चांगलं माहीत आहे. माणसंही मरतात. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशात सिल्हेटच्या भागात पुरानंतर अन्नाची टंचाई झाली, तेव्हा लोकांनी ह्याची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यातले १९ दगावले.

आता हे सगळं एका सॉफ्टवेअरवाल्यानं का वाचावं? तर माझ्या आत्यामुळे.

आत्या पाटोदा तालुक्यात राहते, बालाघाटाच्या डोंगरावर. सौताड्याचा धबधबा ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो भाग डोळ्यांसमोर येईल. उन्हाळ्यात बघाल तर नुसता काळा दगड आणि पिवळं कुसळी गवत, आणि श्रावणात त्याच माळावर पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं. तिला मुतखड्याचा त्रास सुरू झाला आणि कुणीतरी तिला सांगितलं, गोखरूचं चूर्ण घे. कुणीतरी ते आणूनही दिलं. बारीक दळलेली हिरवट-करडी पूड, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. लेबल नाही, नाव नाही. आतेभावाचा फोन आला: "तू ते मायक्रोस्कोपचं काहीतरी करतोस ना, बघ की हे काय आहे."

मायक्रोस्कोपचं खूळ मला दोन वर्षांपासून आहे. आठवडाभर स्क्रीनवर लॉग वाचायचे आणि शनिवारी भिंगातून परागकण बघायचे. बायकोच्या मते दोन्हीत फरक काहीच नाही, दोन्हीकडे मी वाकून बसलेला असतो :)

पूड बघून झाड ओळखायचं कसं? पान नाही, फूल नाही, फळाचा आकार नाही. सगळ्याचं पीठ झालेलं. पण झाडाचा एक भाग असा असतो जो चक्कीतून दळूनही बऱ्याच वेळा शाबूत राहतो, तो म्हणजे परागकण. कारण साधं आहे, तो फार बारीक असतो. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड धरला तर बहुतेक परागकण वीस ते पन्नास मायक्रॉनचे. चक्कीच्या पात्याला तो सापडतच नाही. आणि त्याचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, जे निसर्गात तयार होणाऱ्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक आहे. तीव्र आम्लात उकळलं तरी ते टिकतं. तळ्याच्या गाळात, हवा लागली नाही तर, लाखो वर्षं टिकतं.

ह्या कवचावर नक्षी असते, आणि नक्षी कुळाकुळाप्रमाणे बदलते. बघायच्या गोष्टी मोजक्याच. आकार केवढा, चिरा किती, छिद्रं किती आणि कुठे, आणि पृष्ठभाग कसा: गुळगुळीत, जाळीदार की काटेरी.

बालाघाटावरच्या पावसाळी फुलांचे नमुने घेऊन बसलं की ह्यातली मजा कळते. तेरडा घ्या. बहुतेक परागकण गोल किंवा लांबटगोल असतात, तेरड्याचा चक्क आयताकृती, चार कोपऱ्यांशी चार चिरा. साबणाची वडीच जणू. शेताच्या बांधावरचा गुलाबी-पांढरा कुर्डू घ्या. त्याचा कण म्हणजे गोल्फचा चेंडू, सगळीकडून खळगे. केन्याचा कण लांबट आणि एकच मोठी चीर असलेला, गव्हाच्या दाण्यासारखा. आणि आमच्या बीडच्या सीताफळाचं तर विचारूच नका. ते झुडूप आहे, पण राहवत नाही म्हणून सांगतो. त्याचे कण सुटे पडतच नाहीत, चार-चार एकमेकांना चिकटून फिरतात. (ह्याच सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.)

मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे रानतुळस आणि कुंभा. दोघंही एकाच कुळातले. दोघांचं खोड चौकोनी, पानं समोरासमोर, फुलं ओठांसारखी. पण भिंगाखाली रानतुळशीच्या कणाला सहा चिरा आणि कुंभ्याच्या कणाला तीनच. स्वीडनच्या गुन्नार एर्टमान ह्यांनी १९४५ मध्ये नेमक्या ह्याच फरकावरून तुळशीच्या अख्ख्या कुळाची दोन भागांत विभागणी सुचवली. नंतर डीएनए वाचायची सोय झाली, तेव्हा सहा चिरांचा गट खरोखरच एका वंशाचा निघाला. म्हणजे डीएनए वाचता येण्याच्या कितीतरी आधी एका माणसानं चिरा मोजून नातं ओळखलं होतं.

पण थांबा. हे वाचून परागकण म्हणजे झाडाचं आधार कार्ड असं वाटत असेल तर तसं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ही युनिक की नाही, हा हॅश आहे आणि त्यात कोलिजन होतात. भरपूर होतात. गवतांचं उदाहरण घ्या. कुसळी, पवना, मारवेल, शेतातली ज्वारी, सगळ्यांचा कण एकसारखा: गुळगुळीत गोळा आणि कडं असलेलं एकच छिद्र. कुठलं गवत ते सांगताच येत नाही. मका तेवढा आकारानं मोठा म्हणून वेगळा काढता येतो. म्हणून ह्या विषयातले लोक अहवालात प्रामाणिकपणे 'गवत कुळ' एवढंच लिहून पुढे जातात. कुर्डू आणि आघाडा ह्यांच्यातही अशीच पंचाईत. कुळ नक्की सांगता येतं, बऱ्याचदा प्रजाती-गट सांगता येतो, आणि अगदी अमुकच झाड असं म्हणायचं असेल तर नशीब लागतं.

गोखरूच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूनं आहे. तिघं तीन वेगळ्या कुळांतले, त्यामुळे कोलिजनचा प्रश्नच नाही. सराट्याचा कण मोठा, गोल, जाड भिंतींच्या जाळीचा, आणि जाळीच्या घरांतून छिद्रं. मधमाशीचं पोळं गोल गुंडाळलं तर कसं दिसेल, तसा. ओढ्याकाठच्या गोखरूचा कण त्याच्याहून बराच लहान, तीन चिरांचा. तो सूर्यफुलाच्या कुळातला, म्हणजे अंगावर काटे हवेत. पण ह्याचा पराग वाऱ्यावर उडतो, कीटकाच्या अंगाला चिकटून राहायची त्याला गरज नाही. म्हणून काटे झिजून नुसते टिपके उरलेत. शेजारी गाजर गवताचा कण ठेवला की फरक लगेच दिसतो, त्याचे काटे स्पष्ट असतात. आणि मोठ्या गोखरूचा कण तिळासारखा, कलिंगडाच्या फाका पाडाव्यात तशा उभ्या चिरा सगळीकडून.

हे शास्त्र मराठवाड्याला परकं नाही, हे मला शोधताना कळलं आणि फार बरं वाटलं. औरंगाबादला तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक ह्यांनी हवेतल्या परागकणांवर आणि बुरशीच्या बीजाणूंवर आयुष्यभर काम केलं. १९७० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं एक यंत्र प्रसिद्ध केलं, जे आजही टिळक एअर सॅम्पलर म्हणून ओळखलं जातं. कल्पना किती साधी बघा. घड्याळासारखा हळूहळू फिरणारा ड्रम, त्यावर व्हॅसलिन लावलेली पारदर्शक सेलोफेन पट्टी. नळीतून हवा आत ओढली जाते आणि तिच्यातलं जे असेल ते पट्टीला चिकटतं. आठ दिवसांनी पट्टी काढायची, तुकडे करायचे आणि भिंगाखाली ठेवायचे. कुठल्या दिवशी हवेत काय होतं त्याचा लॉग तयार! परदेशी यंत्राच्या किमतीकडे बघत बसण्यापेक्षा आपलं आपण केलं. आणि ह्याच विद्यापीठातल्या प्रा. व्ही. एन. नाईक ह्यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' १९९८ मध्ये दोन खंडांत आला. आमच्या डोंगरावर कुठली झाडं आहेत ते बघायला आजही आधी तोच उघडतात.

असो. पूड.

माझा एक शाळेतला मित्र आता एका कॉलेजात बॉटनी शिकवतो. रविवारी त्याची लॅब मोकळी होती. घरी मी ग्लिसरीन जेली आणि थोडा सॅफ्रनिन रंग घालून स्लाइड करतो, ताज्या फुलासाठी तेवढं पुरतं. पुडीसाठी मात्र एर्टमान ह्यांचीच पद्धत: नऊ भाग अॅसिटिक अनहायड्राइड, एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल, आणि गरम करायचं. पानं, देठ, पिठूळ पदार्थ, सगळं विरघळून जातं आणि परागकणांची कवचं तेवढी मागे राहतात. घरी करायचा हा उद्योग नाही. पाण्याचा थेंब चुकून पडला तर मिश्रण अंगावर उडतं. आणि पहिलं रसायन हेरॉइन बनवायला वापरतात म्हणून सरकारी नियंत्रणाखाली आहे, नुसतं दुकानात जाऊन मागितलं तर दुकानदार आधी तुमच्याकडे नीट बघेल. मित्रानं धुराच्या कपाटात सगळं केलं, मी हात मागे बांधून बघत उभा.

मग सेंट्रिफ्यूज, मग पाण्यानं धुणं, मग पुन्हा सेंट्रिफ्यूज. शेवटी काचेवर एक थेंब. चारशे पट मोठं करून बघितलं तर पहिल्याच नजरेत जाळीदार चेंडू. एक नाही, झुबकेच्या झुबके. सराटा! अधूनमधून गवताचे गुळगुळीत गोळे आणि काही काटेरी कण. बारीक टिपक्यांचा तो लहान कण आम्ही दोघांनी आळीपाळीनं तीन स्लाइड्सभर शोधला. दिसला नाही.

इथे मित्रानं मला जे सांगितलं ते मला ह्या सगळ्यातलं सगळ्यात हुशारीचं वाटलं. तो म्हणाला, कण सापडला एवढ्यावर जाऊ नकोस, तो तिथे कसा आला असेल ते बघ. ओढ्याकाठच्या गोखरूचा पराग वाऱ्यावर उडतो. वाळत घातलेल्या कुठल्याही पाल्यावर त्याचे दोन-चार कण बसू शकतात, म्हणजे ते दिसले असते तरी भेसळ सिद्ध झाली नसती. सराट्याचं उलट. त्याचा पराग कीटकांच्या अंगावरून जातो, वाऱ्यावर फारसा उडत नाही. त्याचे झुबके सापडले म्हणजे सराट्याचं फूलच पुडीत दळलं गेलंय. आणि उलट बाजूनं, पराग दिसला नाही म्हणजे झाड नाहीच असंही नाही. कुणी नुसती बोंडं दळून मिसळली असती तर त्यात पराग जवळजवळ नसताच. म्हणून त्यानं उरलेली पूड साध्या पाण्यात ठेवून वेगळी तपासली, बोंडाच्या सालीचे आणि आकड्यांचे तुकडे दिसतात का ते बघायला. तसं काही दिसलं नाही. तेव्हा कुठे तो म्हणाला, सराटाच आहे.

लगेच आत्याला फोन लावला. "आत्या, घाबरू नकोस, पुडीत सराटा आहे."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आवाज चढला. "सराटा? सराटा कशाला दिला त्यानं मला? मी गोखरू मागितला व्हता! तरीच म्हनलं गुण कसा येईना."

आणि पुढचं वाक्य ऐकून माझ्या हातातला फोन घट्ट झाला. "ऱ्हाऊ दे, पोराकडून आनवलंय मी वड्यावरून. चांगली बोंडं हायेत, माळवदावर वाळायला टाकलीत."

म्हणजे बघा. मायक्रोस्कोपनं दिलेलं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्याच बरोबर उत्तरानं आत्या बरोब्बर चुकीच्या झाडाकडे निघाली होती. पुडी देणाऱ्याच्या डोक्यात पुस्तकातलं गोखरू होतं. आत्याच्या डोक्यात गावातलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. फसवलं कुणीच नव्हतं.

तिला तिथल्या तिथे फोनवर सांगितलं. औषधाच्या पुस्तकात ज्याला गोखरू म्हणतात तो तुझा सराटाच, आणि ओढ्यावरच्या बोंडांत विष आहे. पहिल्यांदा तिचा विश्वास बसेना. मग मी विचारलं, शेळ्या खातात का गं ते? ती थांबली. "कवळं खाल्लं की फुगत्यात," म्हणाली. "एक पाट गेली व्हती मागं." बस. पुढे मला एक शब्द बोलावा लागला नाही. आतेभावानं त्याच संध्याकाळी माळवद झाडून सगळी बोंडं जाळली. सराट्याची पूडही बंद केली, कारण खडा केवढा आणि कुठे आहे हे बघितल्याशिवाय कुठलीच पूड बरी नाही. पुढच्या आठवड्यात बीडला सोनोग्राफी झाली. खडा लहान होता, डॉक्टरांनी भरपूर पाणी आणि गोळ्या सांगितल्या.

तेव्हापासून माझ्या स्लाइड्सच्या पेटीची रचना बदलली. आधी मी प्रत्येक काचेवर शास्त्रीय नाव आणि तारीख लिहायचो. आता तीन ओळी लिहितो: शास्त्रीय नाव, पुस्तकी मराठी नाव, आणि त्या गावात त्या माणसानं सांगितलेलं नाव, गावाच्या नावासकट. ह्या तिसऱ्या ओळीशिवाय बाकीचा डेटाबेस माझ्या आत्याच्या काही कामाचा नाही, हे आता मला माहीत आहे.

तिसरी ओळ भरायला मात्र मायक्रोस्कोप उपयोगाचा नाही. त्यासाठी श्रावण-भाद्रपदात डोंगरावर जावं लागतं, जेव्हा फूल समोर असतं आणि शेळ्या राखणारं माणूसही समोर असतं. दसरा-दिवाळी झाली की माळ वाळतो आणि आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला कुलूप लावून निघून जातात. मग झाडही नाही आणि सांगणारंही नाही. ज्यांना ही नावं तोंडपाठ आहेत ती माणसं साठीच्या पुढची आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना सराटा फक्त पंक्चरमुळे माहीत आहे.

गेल्या भाद्रपदात दोन वीकेंड आत्याबरोबर हिंडलो. ती पुढे, मी मागे वही आणि कागदी पाकिटं घेऊन. एकोणीस झाडं झाली. त्यातल्या चौदांना तिच्याकडे जे नाव आहे ते माझ्याकडच्या पुस्तकांत नाही, आणि दोघांना तिच्या माहेरी एक नाव आणि सासरी दुसरं. लॅपटॉपवर तेरड्याचा फोटो दाखवला तर म्हणाली, "ही तर साबनाची वडी." मी तिला काही सांगितलं नव्हतं हं!

ह्या सुट्टीत गावी गेलात तर एवढं करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, गोखरू म्हणजे कुठलं? नुसतं नाव सांगू देऊ नका, हाताला धरून झाडापाशी न्यायला सांगा. आणि घरात कुणी गोखरूची पूड घेत असेल, तर आजच विचारा.